ज्युरीत टाळ्या, क्लायंटकडे गठ्ठा पडून: लाइव्ह प्रोजेक्टचं घोडं नेमकं कुठे अडतं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल. डिझाइन कॉलेजातला फायनल इयरचा ग्रुप, लाइव्ह प्रोजेक्ट म्हणजे खऱ्या क्लायंटसाठी करायचं काम, आणि क्लायंट म्हणजे कुठल्यातरी तालुक्यातला महिला बचत गट, चटण्या मसाले पापड करणारा. मुलं जातात, चहापोहे होतात, ताई म्हणतात "काहीतरी छान करून द्या, मॉलमधल्यासारखं", मग मुलं अख्खं सेमिस्टर राबतात, मॉकअप (तयार पाकीट कसं दिसेल त्याचे नमुने) एकदम झकास येतात, ज्युरी म्हणजे काम तपासणारे परीक्षक खूश, पोर्टफोलिओत चार पानं वाढतात. आणि पुढच्या दिवाळीत त्याच गटाच्या स्टॉलवर बघावं तर तेच जुनं पारदर्शक पाकीट, आत लाल अक्षरांची चिठ्ठी, वर स्टेपलरची पिन. ताईंना विचारलं तर हसून म्हणतात, "अहो पोरांनी छानच केलं होतं, पण आम्हाला काय ते जमेना."

मी पॅकेजिंगचं काम करते आणि कॉलेजात व्हिजिटिंगला जाते, त्यामुळे दर सेमिस्टरला हीच तक्रार वेगवेगळ्या नावांनी माझ्याकडे येते. "मॅम क्लायंटला डिझाइनची समजच नाहीये", "मॅम क्लायंट शेवटच्या आठवड्यात पलटला", "मॅम प्रिंटर म्हणतो हे छापता येणार नाही". तिन्हीचा रोग एकच असतो, प्लॅनिंग ज्युरीच्या तारखेवरून मागे केलेलं असतं, पाकीट भरणाऱ्या हातांवरून नाही. उदाहरण म्हणून इथे सोलापूरकडची शेंगाचटणी धरते, कारण त्यात जवळजवळ सगळे त्रास एकदम निघतात. तुमचा प्रोजेक्ट मातीच्या भांड्यांचा किंवा घोंगडीच्या टॅगचा असेल तरी तपासायचा क्रम हाच.

ब्रीफ कोणी लिहिलाय ते आधी बघा

बहुतेक ग्रुपकडे ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय त्याची नोंद, म्हणून काय असतं, तर ताईंचं ते "मॉलमधल्यासारखं" वालं वाक्य आणि एका गूगल फॉर्मची उत्तरं. फॉर्ममध्ये प्रश्न काय, तर "तुमच्या ब्रँडचं व्यक्तिमत्त्व तीन शब्दांत सांगा". आणि तो भरलेला असतो ताईंच्या बारावीतल्या मुलाने, कारण ताई त्या वेळी दाणे भाजत होत्या. उत्तरं आली प्युअर, ट्रॅडिशनल, क्वालिटी. या तीन शब्दांवर मूडबोर्ड झाला, कलर पॅलेट झालं, सगळं झालं, पण चटणीबद्दल कोणाला काहीच कळलं नाही.

"तुम्हाला कसं डिझाइन हवंय" हा प्रश्न विचारूच नका खरंतर. ज्याने आयुष्यात कधी डिझाइन विकत घेतलेलं नाही तो माणूस याचं उत्तर टीव्हीवर किंवा दुकानात बघितलेल्या पाकिटावरूनच देणार, आणि तुम्ही त्यालाच गरज समजून बसणार. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात किती पाकिटं गेली? कुठून गेली, घरातून, आठवडी बाजारातून, दुकानातून, की पुण्यामुंबईला जाणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून? परत किती आली आणि का आली? पाकीट कोण भरतं, वजन कोण करतं, सील कोण मारतं, चिठ्ठी कोण टाकतं, हे दिवसा होतं की रात्री घरची कामं आवरल्यावर? आणि शेवटचं छपाईचं बिल असेल तर दाखवता का, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. त्या एका बिलावर किती छापलं, कुठे छापलं, काय भावाने छापलं सगळं असतं, आणि बिलच नसेल तर तेही उत्तरच आहे.

ईम्स दांपत्याचा लोटा तुम्हाला फर्स्ट इयरला स्लाइडवर दाखवलेला असतो. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनरनी भारत सरकारला अहवाल दिला, त्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, उभी राहिली, एवढं परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ असतं. पण त्या अहवालात लोट्याबद्दल त्यांनी काय विचारलं होतं ते परत बघा. पाणी किती आणायचं, डोक्यावरून न्यायचं की कमरेवरून की हातातून, हात केवढा, ओतायचं कसं, घासायचं कसं, किंमत किती. ब्रँडचं व्यक्तिमत्त्व त्यात कुठेही नाही. लोटा बघून वर्गात माना डोलावणारी मुलं क्लायंटकडे मात्र गूगल फॉर्म पाठवतात, हे मला काही झेपत नाही.

तर पहिल्या पंधरवड्यात एक अख्खा दिवस तिथे जाऊन पॅकिंगला बसा. बघत नाही बसायचं, पाकिटं भरायची. पन्नास पाकिटं स्वतः भरून सील केलीत की तुमचा नाजूक दोरी, वर टॅग आणि लाखेचा ठसा वाला कॉन्सेप्ट आपोआप गळून पडतो, कोणी नाही म्हणायची गरज उरत नाही.

क्लायंट म्हणजे नक्की कोण

इथे बरेच जण फसतात कारण फोन नंबर एकच असतो, अध्यक्षाताईंचा. पण अध्यक्षांना प्रदर्शनात उठून दिसेल असा बॉक्स हवा असतो, महालक्ष्मी सरस किंवा भीमथडीसारख्या प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर काय होतं ते त्या बघून आलेल्या असतात. पॅकिंग करणाऱ्या बायकांना काम एका स्टेपने तरी कमी व्हायला हवं असतं. हिशोब बघणाऱ्या सचिवांना पाकिटामागचा खर्च वाढायला नको असतो. दुकानदाराला पाकीट उभं राहायला हवं किंवा खिळ्याला लटकायला हवं, आणि किंमत लांबून दिसायला हवी, नाहीतर गिऱ्हाईक दर वेळी त्यालाच विचारतं. विकत घेणारीला आतला माल दिसायला हवा, चटणी जाड कुटलीय की बारीक हे बघूनच ती घेते. वरून बचत गटांना मदत करणाऱ्या उमेद किंवा माविम या सरकारी संस्थांच्या ताई असतील तर त्यांची वेगळी सूचना, लोगो कुठे टाकायचा वगैरे.

शेवटच्या आठवड्यात "क्लायंट पलटला" असं वाटतं ना, तेव्हा बहुतेक वेळा कोणी पलटलेलं नसतं, त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्या बाईने ते डिझाइन बघितलेलं असतं. म्हणून दुसऱ्या भेटीला गटाच्या मीटिंगच्या दिवशीच जा, सगळ्याजणी तशाही जमतात. आणि शेवटचा शब्द कोणाचा ते स्पष्ट विचारा, सगळ्यांसमोर. अवघडल्यासारखं होतं थोडं, होऊ द्या.

पैशाचं गणित न केल्याने मेलेले प्रोजेक्ट सगळ्यात जास्त

समजा २०० ग्रॅम चटणी ९० रुपयांना जाते. त्यात दाणे, लसूण, तिखट, गॅस, मजुरी, दुकानदाराचं मार्जिन धरलं तर पॅकिंगला पाचसहा रुपये उरतात असं धरा. तुम्ही केलाय खिडकीवाला बॉक्स, डाय कटिंग (साच्याने कापणं), मॅट लॅमिनेशन, नावावर स्पॉट यूव्ही (तेवढ्याच भागावर चकाकी). पाचशे नग छापायचे तर प्लेटचा, डायचा, मशीन लावण्याचा सगळा खर्च त्या पाचशेवरच पडणार, मग एक बॉक्स पंधरावीस रुपयांना पडला तर नवल नाही. ताई हे तोंडावर बोलणार नाहीत, "बघू दिवाळीला" म्हणतील, आणि संपला प्रोजेक्ट.

छपाई कशी चालते हे माहीत नसेल तर इथे प्लॅनिंग होऊच शकत नाही, म्हणून थोडक्यात. छापील पाऊच, म्हणजे वेफर्सचं असतं तसं, ग्रॅव्ह्युअरवर होतं आणि त्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर बनवावा लागतो, त्यामुळे थोड्या नगांना कोणी हात लावत नाही. ऑफसेटला प्लेट लागतात, नग वाढले की भाव उतरतो. डिजिटलला प्लेट नाही, शंभर नगही निघतात, पण हजारावर गेलं तरी भाव फार उतरत नाही. स्क्रीन प्रिंटिंगला रंगागणिक स्क्रीन, म्हणजे एकदोन रंगांचं काम असेल तरच स्वस्त. या सगळ्यातून छोट्या गटाला परवडणारा रस्ता जवळजवळ नेहमी एकच निघतो, बाजारात तयार मिळणारा साधा पाऊच आणि त्यावर स्टिकर.

हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, "मग आम्ही डिझाइन काय करायचं मॅम, फक्त स्टिकर?" हो, फक्त स्टिकर, आणि तोच नीट करायला सेमिस्टर पुरत नाही. गटाच्या चटण्या सहा, शेंगदाणा, जवस, कारळं, तीळ, लसूण, खोबरं. तुम्ही सहा वेगळी लेबलं केली तर सहा वेळा छपाई, आणि तिळाची उरतात, जवसाची संपतात, मग घाईत जवसाच्या पाकिटावर तिळाचं लेबल लावून वर पेनाने खोडून लिहिलेलं मी स्टॉलवर बघितलंय. त्याऐवजी सगळ्यांना मिळून एकच मोठं लेबल आणि चटणीच्या नावाचा छोटा वेगळा स्टिकर, असं केलं तर मोठं लेबल एकदम जास्त छापता येतं, छोटा स्टिकर लागेल तसा डिजिटलवर काढता येतो. डिझाइनचा प्रश्न आहे हा, सजावटीचा नाही. ज्युरीला हे नीट समजावून सांगता आलं तर मार्क कमी होत नाहीत, उलट.

किंमत मात्र मोठ्या लेबलवर छापू नका. दाण्याचा भाव वाढला की अख्खा गठ्ठा वाया.

क्राफ्ट पेपरचा मोह

प्रत्येक बॅचला कोणीतरी ब्राउन क्राफ्ट पेपरची पिशवी करतंच. इको वाटतं, फोटो सुंदर येतो, इन्स्टाला लाइक्स. शेंगाचटणीचं तेल सुटतं हो! साध्या क्राफ्टमधून ते झिरपतं, पिशवीवर काळे डाग, शेजारच्या पाकिटांनाही लागतात. आत कोटिंगवाला क्राफ्ट पाऊच मिळतो पण मग तो महाग पडतो, इको असण्याचा दावाही लंगडा होतो आणि आतला माल दिसत नाही तो नाहीच. तेलाची वस्तू हवा आणि उजेडात खवट होते हेही आहे, म्हणजे पूर्ण पारदर्शक पाकीटही तितकंसं बरं नाही, म्हणून एक बाजू बंद आणि समोर छोटी खिडकी असा तयार पाऊच मिळतो का ते आधी होलसेल मार्केटला जाऊन बघा, स्केच त्यानंतर. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि आसपासचा भाग, एक दुपार फिरलात तर पिंटरेस्टच्या महिन्याभराच्या स्क्रोलिंगपेक्षा जास्त कळेल.

सँपल आणलं की त्यात खरी चटणी भरा, लेबल लावा आणि ठेवून द्या. उन्हाच्या खिडकीत एक, फडताळात एक. दोन आठवड्यांनी बघा लेबलचा कोपरा सुटला का, शाई फिकटली का, तेलकट हाताने धरल्यावर काय होतं. हे सेमिस्टरच्या पाचव्या आठवड्यात करायचं असतं, शेवटच्या आठवड्यात नाही, कारण याचं उत्तर "नाही" आलं तर बदलायला वेळ हवा.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणत्याच मॉकअपमध्ये दिसत नाही. तारीख आणि बॅच नंबर बायका रबरी शिक्क्याने मारतात. ग्लॉसी लॅमिनेशनवर ती शाई वाळत नाही, बोट लागलं की पुसली जाते. म्हणून लेबलवर तेवढा चौकोन बिनलॅमिनेशनचा हवा, किंवा तारखेला वेगळं पांढरं छोटं स्टिकर. आणि पाऊचच्या वरच्या कडेला सीलिंग मशीन बसतं, तिथे लेबल आलं तर ते वितळतं नाहीतर सील धरत नाही. कडेची पट्टी मोजून घ्या, त्यांच्याच मशीनवर.

लेबलवरचा मजकूर "नंतर टाकू" म्हणून सोडलेला असतो

मागच्या बाजूला लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, ठेवून ज्युरी पार पडते, आणि मग खरा मजकूर आला की बसतच नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर काय काय लागतं याची यादी हीच तुमची पहिली लेआउट ग्रिड समजा. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी सर्व करांसह, दर ग्रॅमची किंमत, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, ग्राहक तक्रारीसाठी फोन-ईमेल, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लोगो आणि १४ आकडी नंबर, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, पोषणमूल्यांचा तक्ता लागू असेल तर तो, आणि शेंगदाणा आहे म्हणून अ‍ॅलर्जीची सूचना. यातलं काही अन्नसुरक्षेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांतून येतं, काही वैधमापनशास्त्राच्या (वजनमापाच्या) २०११ च्या नियमांतून, आणि अक्षरांची उंचीही ठरलेली असते, तुमच्या आवडीची पाच पॉइंट चालत नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे काम सुरू करायच्या वेळचं चालू व्हर्जन काढून वाचा आणि छापण्याआधी गटाला लायसन काढून देणाऱ्या माणसाकडून एकदा नजर फिरवून घ्या.

यातला एक मुद्दा दरवर्षी मुलांना धक्का देतो. सगळं लेबल मराठीत, सुंदर अक्षरात, आणि ते चालत नाही. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते, मराठी त्याच्या जोडीला हवं तेवढं लिहा. म्हणजे जागा दुप्पट लागणार हे पहिल्याच स्केचमध्ये धरा. पुढची बाजू मराठीत डौलाने, मागची बाजू दोन भाषांत दाटीवाटीने, अशी वाटणी बहुतेक वेळा जमते.

शब्दही सांभाळून. "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक" असले शब्द टाकायला २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत अटी आहेत, "सेंद्रिय" लिहायचं तर सर्टिफिकेट लागतं. सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे म्हणून जीआयचा लोगो लावून मोकळे होऊ नका, गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का ते विचारा. नवीन नाव सुचवत असाल तर ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, मसाल्यांसाठी वर्ग ३०. "सखी", "माउली", "अन्नपूर्णा" या नावांच्या रांगा बघून घ्या एकदा.

आणि हात जोडून विनंती, डमी लायसन नंबर आणि नेटवरून बनवलेला बारकोड फाइलमध्ये ठेवू नका. तो तसाच छापून येतो. ८९० ने सुरू होणारा नंबर जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेकडून रीतसर घ्यावा लागतो, आणि आठवडी बाजारात विकणाऱ्या गटाला तो बहुतेक लागतही नाही. जागा रिकामी ठेवा आणि त्यात भडक लाल रंगात "इथे नंबर टाका" लिहा, म्हणजे कोणी विसरणार नाही.

कॅलेंडर

तुमची ज्युरी नोव्हेंबरमध्ये किंवा एप्रिलमध्ये. गटाचा धंदा कधी, तर दिवाळीच्या आधी, संक्रांतीला तिळाचा, आणि मार्च ते मे उन्हाळी वाळवणाचा. आता बघा गंमत, दिवाळीला लागणारं लेबल तुम्ही दिवाळीनंतर ज्युरीला दाखवता. वरात दारात आल्यावर मुहूर्त काढायला बसल्यासारखं आहे हे. आणि एप्रिलमध्ये "फीडबॅकसाठी कॉल घेऊया का ताई" म्हणून मेसेज टाकता तेव्हा त्या गच्चीवर कुरडया घालत असतात, फोन घरात वाजतोय.

सेमिस्टर सुरू झाल्यावर पहिलं काम, त्यांच्या विक्रीच्या तारखा आणि प्रदर्शनाच्या तारखा भिंतीवर लिहायच्या आणि तिथून उलटं यायचं. लेबल प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी हातात हवं, म्हणजे छपाईला त्याच्या आधी आठवडा, प्रूफ आणि दुरुस्तीला त्याच्या आधी आठवडा, मजकूर पक्का त्याच्याही आधी. दिवाळीच्या तोंडावर प्रेसवाला तुमचे पाचशे स्टिकर बाजूला ठेवून कॅलेंडरं आणि पत्रिका छापणार हेही धरा. असं मागे मागे आलं की कळतं डिझाइनला मोकळा वेळ किती उरतो, साधारण चार आठवडे. मग संपूर्ण ब्रँड आयडेंटिटी, वेबसाइट, इन्स्टाचं टेम्प्लेट, एप्रन, स्टॉलची कमान हे सगळं सुटतं, सुटू द्या. एका कागदावर लिहून घ्या काय करणार, काय नाही करणार, छपाईचे पैसे कोण देणार, मजकूर कोण टाइप करून देणार, फाइली कोणाकडे राहणार. मराठीत, अर्ध्या पानात, दोन्हीकडच्या सह्या. करारनामा वगैरे म्हटलं की लोक घाबरतात, "कामाचं पान" म्हणा.

"छान आहे" म्हणजे होकार नाही

आपल्याकडे घरी आलेल्या पोरांच्या कामाला कोणी तोंडावर वाईट म्हणत नाही. कॉलेजची मुलं एवढ्या लांबून आली, सर सोबत आहेत, ताई छानच म्हणणार. व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ऑप्शन टाकले आणि त्यांनी अंगठा दिला की तुम्ही फाइल फायनल करता, पण तो अंगठा "मेसेज मिळाला" एवढ्यापुरताच होता.

खरा होकार काढायचा असेल तर एकच प्रश्न विचारा, "ताई, हे किती छापू?" बघा कसा क्षणात सूर बदलतो. "थांबा, आधी थोडं बघू", "यात किंमत कुठे टाकायची", "आमचं जुनं गिऱ्हाईक ओळखेल का हे", सगळं बाहेर पडतं. हा प्रश्न शेवटी नाही, पहिलं रफ घेऊन गेलात तेव्हाच विचारायचा. आणि स्क्रीनवर नाही दाखवायचं, खऱ्या मापात घरच्या प्रिंटरवर काढून, कापून, त्यांच्याच पाकिटावर चिकटवून दाखवायचं. मग ते पाकीट जवळच्या दुकानात दुसऱ्या पाकिटांमध्ये ठेवायला सांगा आणि काउंटरच्या अलीकडून फोटो काढा. तुमचं फिकट बेज कलरचं मिनिमल लेबल तिथे दिसतच नाही, हे कळायला वेगळा फीडबॅक लागत नाही. दुकानात आलेल्या एखाद्या काकूंना विचारा हे काय आहे, केवढ्याला आहे, कधीचं आहे. त्यांनी चष्मा शोधायला पर्स उघडली तर अक्षर मोठं करा.

"जुनं गिऱ्हाईक ओळखेल का" हे वाक्य हलक्यात घेऊ नका. ताईंचा लाल-पिवळा हट्ट तुम्हाला गावठी वाटतो, पण लोक "ते लाल चिठ्ठीवालं पाकीट द्या" म्हणून मागत असतील तर तो लाल म्हणजे त्यांची आत्तापर्यंतची कमाई आहे, तो ठेवा आणि बाकीचं बदला. प्रत्येक हट्ट मात्र मान्य करायचा असं नाही. देवीचा फोटो पाकिटावर हवा असं बऱ्याचदा येतं. तिथे "ब्रँडला सूट होत नाही" म्हणून वाद घालू नका, रिकामं पाकीट शेवटी कुठे जातं एवढंच विचारा. कचऱ्यात, पायाखाली. बहुतेक वेळा ताई स्वतःच म्हणतात नको मग.

गाइड आणि क्लायंट यांच्यात सापडलात, म्हणजे सर म्हणतात कॉन्सेप्ट कमी आहे आणि ताई म्हणतात फोन नंबर मोठा करा, तर दोन्ही एका लेबलात कोंबू नका. क्लायंटला जाईल ते लेबल क्लायंटच्या कामाचं, आणि तुमचे प्रयोग, अक्षरांचे, चित्रांचे, ते प्रोसेस बुकात पूर्ण मोकळेपणाने. सरांना हे पहिल्याच रिव्ह्यूला सांगून ठेवलं तर बहुतेक गाइड ऐकतात, शेवटच्या दिवशी सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

फाइल प्रेसवर गेली आणि अक्षरं फुटली

हा भाग टेक्निकल आहे पण रडवतो. तालुक्याच्या प्रेसवर बहुतेक कोरल ड्रॉ, तेही जुनं व्हर्जन, आणि मराठीला श्रीलिपी हे जुन्या पद्धतीचं फॉन्ट सॉफ्टवेअर. तुम्ही नेता युनिकोडमधली (फोन-कॉम्प्युटरवर आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतली) इलस्ट्रेटरची फाइल. तिथे उघडली की वेलांट्या पळतात, जोडाक्षरं सुटी होतात. मुळात इलस्ट्रेटरमध्येच टाइपच्या प्रेफरन्समधून इंडिक ऑप्शन चालू करून साउथ एशियन कंपोझर निवडलेला नसेल तर तुमच्या लॅपटॉपवरही "चटणी"ची "णी" वेडीवाकडी दिसते आणि मुलं ती हाताने ढकलून बसवतात, तसं करू नका. "मुक्त" (Mukta) किंवा "बलू" (Baloo) हे मुंबईच्या "एक टाइप" (Ek Type) या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत, युनिकोड आहेत, बारीक अक्षराला "मुक्त" चांगला टिकतो. फॉन्ट कोणताही घ्या, मराठी वळणाचा ल आणि श येतोय ना आणि "दुसऱ्या", "कोऱ्या" मधला र नीट बसतोय ना ते बघा, हिंदी वळणाचा ल ताईंना लगेच खटकतो, सांगता येत नाही पण खटकतो.

प्रेसला द्यायची फाइल सगळं टाइप कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) पीडीएफमध्ये, रंग सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत), कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा). स्क्रीनवरचा झगझगीत मिरचीचा लाल सीएमवायकेत तसा येत नाही, म्हणून एक प्रूफ काढल्याशिवाय पूर्ण छपाईला हो म्हणू नका. आणि एक वेगळी फाइल अशी ठेवा ज्यात टाइप जिवंत आहे, कारण पुढच्या वर्षी गटाचा पत्ता किंवा लायसन नंबर बदलला तर कोणीतरी ते बदलू शकलं पाहिजे.

ज्युरी पंधरा दिवसांवर आलीय आणि हे आत्ता वाचताय?

मग बाकी सगळं थांबवा आणि एकच चटणी घ्या, जी सगळ्यात जास्त खपते ती. खरा मजकूर एका दिवसात ताईंकडून फोनवर लिहून घ्या आणि त्यांच्या लायसनच्या कागदाचा फोटो मागवा, तोंडी नंबर घेऊ नका. ते आत्ता वापरतात त्याच पाकिटावर बसेल असा स्टिकर करा, डिजिटलवर शंभर काढा, स्वतः घेऊन जा आणि पॅकिंगला बसून लावा. एका आठवडी बाजाराला तो माल जाऊ द्या, तुमच्यातला एक जण दिवसभर स्टॉलवर उभा राहील, लोक पाकीट कसं उचलतात, उलटं करून बघतात का, काय विचारतात ते वहीत उतरवेल. किती लागले, किती लावताना फुकट गेले, एकाला किती वेळ लागला, ताईंनी परत छापायला सांगितले का आणि किती, हे ज्युरीला दाखवा, मॉकअप त्याच्या मागे.

जाताना ताईंना पेन ड्राइव्ह देऊन येऊ नका, तो कपाटात राहतो. त्यांच्या प्रेसवाल्याकडे एकाला सोबत घेऊन जा, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्यासमोर उघडा, कागद कोणता, माप काय, भाव काय ते त्याच्याकडून लेबलच्या मागे लिहून घ्या आणि ते लेबल पॅकिंगच्या खोलीत भिंतीला लावा. फोन नंबर मात्र गाइडचा आणि ग्रुपमधल्या एकाचा असे दोन द्या, कारण तुम्ही नोकरीला बंगलोरला गेल्यावर पत्ता बदलायचा फोन येणारच आहे, आणि तो दिवाळीच्या आदल्या आठवड्यातच येतो.